काळ्या दगडातला निळा

खापा हे नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातले, कन्हान नदीच्या काठचे गाव. पूर्वी ते विणकरांच्या मागांसाठी ओळखले जाई. आज खाप्याचे नाव निघाले की मँगनीजची खदानही आठवते. गावालगतची गुमगाव खदान ही मॉईल या सरकारी कंपनीची आहे. तेथे माणसे जमिनीच्या पोटात उतरतात आणि काळा, जड दगड वर आणतात. या दगडावर कष्टकऱ्यांच्या कितीतरी घरांची चूल पेटली. या दगडाचा आणि निळ्या रंगाचा काही संबंध आहे, असे सांगितले तर खदानीत उभी हयात घालवलेला माणूसही हसेल. परंतु संबंध आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

निळा रंग आपल्या घराला नवा नाही. चौदा एप्रिलला वस्ती निळी होते. झेंडा निळा, पताका निळ्या, बायाबापड्यांच्या पदराला निळा काठ. पांढरे लुगडे, पांढरा सदरा उजळावा म्हणून मायबहिणी शेवटच्या पाण्यात नीळ घालत आल्या, तीही निळीच. पण हा रंग येतो कुठून, तो तयार कसा होतो, हे आपण सहसा विचारत नाही. वाचकहो, आज तेवढाच एक प्रश्न घेऊ.

निसर्गात निळे फूल सापडते, निळे आकाश दिसते, पण भिंतीवर टिकेल असा निळा दगड फार दुर्मीळ. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांत जो निळा दिसतो, तो लाजवर्द नावाच्या दगडाची पूड करून मिळवलेला आहे. हा दगड अफगाणिस्तानातील बदख्शानच्या डोंगरांतून येई. दीड हजार वर्षांपूर्वी तो व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर इतक्या दूर पोहोचला, यावरून त्याचे मोल किती असेल ते लक्षात यावे. युरोपातही हा दगड सोन्याच्या बरोबरीने मोजला जाई.

म्हणून माणसाने निळा रंग स्वतः तयार करण्याचे प्रयत्न केले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये प्रशियन निळा तयार झाला. १८०२ साली फ्रान्समध्ये तेनार या रसायनशास्त्रज्ञाने कोबाल्टचा निळा तयार केला. १८२८ च्या सुमारास लाजवर्दाची हुबेहूब नक्कल कारखान्यात होऊ लागली. पांढरी माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र भाजून ती करतात. आपल्या कपड्यांची जुनी नीळ ती हीच. राजेरजवाड्यांच्या चित्रांतला रंग धुण्याच्या बादलीत आला, तो रसायनशास्त्रामुळे.

हे रंग केवळ शोभेचे राहिले नाहीत. प्रशियन निळ्याचेच पहा. शरीराच्या एखाद्या भागात लोह साचले आहे काय, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना प्रयोगशाळेत तेथल्या तेथे हा रंग तयार होऊ देतात. जेथे लोह असेल तेथे निळा ठिपका उमटतो. पर्ल्स या जर्मन डॉक्टरने १८६७ साली सांगितलेली ही तपासणी आजही वापरली जाते. १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया शहरात किरणोत्सारी सीझियमची बाधा झालेल्या लोकांना औषध म्हणूनही प्रशियन निळाच दिला गेला. तो पोटातील सीझियमला धरून ठेवतो आणि बाहेर नेतो. तेव्हा रंग म्हणजे नुसता रंग नव्हे, ते एक रसायन आहे आणि त्याला गुण आहेत, हे ध्यानात ठेवू.

आता आपल्या काळ्या दगडाकडे येऊ. १८९६ साली ब्रिटिशांनी मध्य प्रांतात खनिजांचा शोध घेण्यासाठी एक कंपनी उभी केली. पुढे ती सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यातला मँगनीजचा दगड तिने खणून परदेशी पाठवला. १९६२ साली भारत सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या भागीदारीने मॉईल स्थापन झाली, आणि १९७७ साली ती संपूर्ण सरकारी मालकीची झाली. आज मॉईलचे मुख्य कार्यालय नागपुरात आहे. खाप्याची गुमगाव, तशाच रामटेक भागातील कांद्री आणि मनसर, भंडारा जिल्ह्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, या साऱ्या तिच्याच खदानी.

हा दगड जातो कोठे? त्याचा फार मोठा वाटा पोलाद कारखान्यांत जातो. वितळलेल्या लोखंडातील गंधक आणि प्राणवायू यांचा उपद्रव मँगनीज काढून टाकते आणि पोलादाला बळकटी देते. रेल्वेचे रूळ जेथे एकमेकांना छेदतात तेथे गाड्यांचे घाव सतत बसतात. तेथला तुकडा बाराएक टक्के मँगनीज घातलेल्या पोलादाचा असतो. हे पोलाद हॅडफिल्ड या इंग्रज माणसाने १८८२ साली शोधले. जितके घाव बसावेत तितके ते कठीण होत जाते. कष्टकऱ्यांच्या हाताला हे वेगळे सांगायला नको.

पण मँगनीज फक्त लोखंडाचा सोबती नाही. टॉर्चचा जुना सेल मुलांनी कधीतरी फोडलेला असतो. त्यातून जो काळा मसाला निघतो तो मँगनीजचाच, मँगनीज डायऑक्साइड. भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्गचा दगड या कामासाठी नावाजलेला आहे. पावसाळ्यात विहिरीत टाकतात ते लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, तेही मँगनीजचेच. त्याचा एक कण बादलीत टाकला तर सारे पाणी जांभळे होते. तेच मँगनीज दुसऱ्या एका क्षारात फिकट गुलाबी दिसते आणि आणखी एकात हिरवे. धातू एकच. सेलमध्ये काळा, विहिरीत जांभळा. सोबतीला कोण आहे आणि किती जण आहेत, यावर त्याचा रंग ठरतो.

आणि २००९ साली तो निळाही झाला.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या विद्यापीठात मास सुब्रमण्यम नावाचे प्राध्यापक आहेत. त्यांचा जन्म मद्रासचा. मद्रास विद्यापीठात शिकून त्यांनी तेथल्याच आयआयटीतून डॉक्टरेट मिळवली आणि पुढे अमेरिकेत गेले. अनेक वर्षे एका मोठ्या रासायनिक कंपनीत संशोधन करून ते विद्यापीठात आले. रंगाचा शोध हे त्यांचे काम नव्हते. ज्यात विजेचे आणि चुंबकाचे दोन्ही गुण एकत्र असतील असा पदार्थ त्यांना हवा होता, कारण संगणकाच्या कामात त्याचा उपयोग झाला असता. त्यासाठी त्यांचे विद्यार्थी निरनिराळ्या धातूंच्या भुकट्या मिसळून भट्टीत भाजून पाहत होते.

अशाच एका मिश्रणात तीन भुकट्या होत्या. यिट्रियम, इंडियम आणि मँगनीज या तीन धातूंची ती ऑक्साइडे. यिट्रियम आणि मँगनीज एकत्र भाजले तर पदार्थ काळा होतो. यिट्रियम आणि इंडियम एकत्र भाजले तर पांढरा होतो. काळा आणि पांढरा मिसळला तर राखाडी मिळावा, असे कोणीही म्हणेल. अँड्र्यू स्मिथ या विद्यार्थ्याने सुमारे १२०० अंश तापलेल्या भट्टीतून तो पदार्थ बाहेर काढला, तर तो लख्ख निळा निघाला.

येथे थोडे थांबू या. अपेक्षेप्रमाणे न आलेला जिन्नस माणूस फेकून देतो. भाकरी वेगळी झाली तर बाजूला ठेवतो, विटेचा रंग बदलला तर ती भरावात टाकतो. सुब्रमण्यम यांनी तो पदार्थ फेकला नाही. इतका शुद्ध निळा इतक्या तापातूनही टिकून बाहेर येतो, याचा अर्थ काय, हे त्यांना शिक्षणामुळे उमगले. नवी गोष्ट डोळ्यांपुढे येते पुष्कळांच्या. ती ओळखता येण्यासाठी आधी अभ्यास लागतो. त्यांनी मूळ काम बाजूला ठेवून त्या रंगाचा शोध घेतला आणि त्याच वर्षी तो शास्त्रीय नियतकालिकात जगापुढे मांडला. तिन्ही धातूंच्या चिन्हांची इंग्रजी अक्षरे जोडून रंगाला नाव दिले ‘यिनमिन’. कोबाल्टच्या निळ्यानंतर तब्बल दोनशे वर्षांनी आलेला हा निळा.

तो निळा का होतो, हे समजायला कठीण नाही. अंगणात एक मूल मध्ये उभे आहे अशी कल्पना करा. त्याच्या भोवती तीन मुले तीन बाजूंना उभी आहेत. शिवाय एक बरोबर डोक्यावर आणि एक बरोबर पायाखाली. मधले मूल म्हणजे मँगनीजचा अणू, आणि भोवतालची पाच म्हणजे प्राणवायूचे अणू. या पदार्थाच्या स्फटिकात मँगनीजला अशी पाच जणांची बैठक मिळते, आणि वरचा व खालचा सोबती त्याच्या फार जवळ असतो. या बैठकीत मँगनीज सूर्यप्रकाशातील तांबडा आणि हिरवा भाग गिळून टाकते. निळा तेवढा परत पाठवते. जो परत येतो तोच आपल्या डोळ्याला दिसतो.

मँगनीज थोडे घातले तर रंग आकाशासारखा फिका. वाढवत गेले की तो झेंड्यासारखा, मग शाईसारखा गडद होतो. शेवटी सारी जागा मँगनीजनेच भरली की काळा. मँगनीजच्या जागी दुसरे धातू बसवून सुब्रमण्यम यांच्या चमूने पुढे नारिंगी, हिरवे आणि जांभळे रंगही मिळवले. लोहाने नारिंगी दिला, तांब्याने हिरवा. आधी रंग सापडायचा आणि मग कारण शोधायचे, अशी शेकडो वर्षांची रीत होती. आता कारण ठाऊक आहे, तर रंग ठरवून तयार करता येतो. शास्त्राच्या दृष्टीने या निळ्याचा सर्वांत मोठा उपयोग हाच.

दुसरा उपयोग मात्र आपल्या घराच्या छताशी येऊन भिडतो.

सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेपैकी डोळ्याला दिसणारा प्रकाश निम्माच. उरलेला बहुतेक भाग न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा, आणि उन्हाचा चटका वाढवण्यात त्याचा वाटा मोठा. बहुतेक गडद रंग हे किरण शोषून घेतात. म्हणून गडद रंग दिलेला टिनाचा पत्रा दुपारी हात लावू देत नाही. यिनमिन निळा अवरक्त किरणांचा बराच भाग, सुमारे चाळीस टक्के, परत पाठवतो. जुन्या निळ्या रंगांपेक्षा हे प्रमाण पुष्कळ अधिक आहे. म्हणजे छत निळे दिसेल, पण दुसऱ्या निळ्याइतके तापणार नाही. शिवाय हा रंग उन्हात विटत नाही, पाण्यात सुटत नाही. अमेरिकेत २०१७ साली त्याला कारखान्यांतील रंगकामासाठी आणि २०२० साली चित्रकारांच्या रंगांसाठी परवानगी मिळाली.

मग आपण उद्याच छतावर यिनमिन मारायचा काय? नाही, वाचकहो. त्यात इंडियम लागते. तो दुर्मीळ, महाग धातू. मोबाइलच्या पडद्यावर बोट ठेवताच जी काच ऐकते, तिच्यावरील पातळ थरात हेच इंडियम असते, म्हणून त्याला जगभर मागणी. या रंगाची लहानशी ट्यूबही आपल्या आवाक्यातली नाही. पण रंगाने जे शिकवले ते फुकट आहे. जो रंग उन्हाला परत पाठवतो, तो घर गार ठेवतो. आणि या कामात सर्व रंगांत पुढे आहे साधा पांढरा.

आमच्या भागातला नवतपा काय असतो, हे विदर्भाबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. कवेलूच्या छताखाली थोडी तरी हवा खेळते. टिनाच्या छताखाली बाळंतीण, म्हातारी माणसे, रात्रपाळी करून आलेला कामगार, यांनी दुपार काढायची कशी? गुजरातेत अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्माघाताविरुद्ध योजना आखली. पुढे गरीब वस्त्यांतील छते पांढरी करण्याचे काम तिच्यात जोडले गेले. तेलंगण सरकारने तर २०२३ साली थंड छतांसाठी धोरणच केले. पांढऱ्या छताखालची खोली काही अंशांनी गार राहते. कूलर नसलेल्या घरात एवढा फरकही जीव वाचवू शकतो.

सिमेंटच्या छताला होळीनंतर चुन्याचे दोन हात द्यावेत. टिनावर नुसता चुना टिकत नाही, पहिल्या पावसात वाहून जातो. तेथे पत्र्याला धरून राहणारा पांढरा रंग घ्यावा, आणि आधी गंज घासून काढावा. चुना कालवताना डोळे जपावेत. डोळ्यात गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धुवून लगेच दवाखाना गाठावा. पत्र्यावर चढताना मधोमध पाय देऊ नये, खिळ्यांच्या ओळीवर, खालच्या लाकडाच्या आधाराने चालावे.

आणि हे आम्ही सांगतो म्हणून मानू नका. मुलांना करून पाहू द्या. टिनाचे सारखे दोन डबे घ्या. एकाला बाहेरून पांढरा रंग द्या, दुसऱ्याला गडद निळा. दोन्हींत सारखेच पाणी भरा, झाकण लावा आणि दुपारभर उन्हात ठेवा. मग पाण्यात बोट घालून पहा. थर्मामीटर मिळाला तर आकडे वहीत लिहा. यापरता विज्ञानाचा चांगला धडा कोणता?

मँगनीजची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे, कारण या पानांचे वाचक खदानीत आणि कारखान्यात राबतात. मँगनीजची बारीक धूळ किंवा वेल्डिंगचा धूर वर्षानुवर्षे श्वासाबरोबर आत जात राहिला तर तो मेंदूला बाधतो. हात थरथरू लागतात, चाल अडखळते, चेहरा ताठर होतो, बोलणे मंद होते. स्कॉटलंडच्या कूपर या डॉक्टरने १८३७ सालीच मँगनीज दळणाऱ्या कामगारांमध्ये हे पाहून लिहून ठेवले. म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ हे ज्ञान जगापुढे आहे. म्हणून दगड फोडताना, भोक पाडताना पाणी मारणे, तोंडावर योग्य मास्क बांधणे, वेळोवेळी वैद्यकीय तपासणी करून घेणे, हे कोणाचे उपकार नव्हेत, तो कामगाराचा हक्क आहे. घरच्या कर्त्या माणसाच्या हाताला कंप सुटला तर तो केवळ म्हातारपणाचा किंवा व्यसनाचा म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना त्याचे काम काय होते ते आवर्जून सांगा. भट्टीत पक्का झालेल्या रंगात मँगनीज स्फटिकात बांधलेले असते. मोकळ्या धुळीत ते तसे बांधलेले नसते. एकच धातू, पण जागा बदलली की गुण बदलतो.

यिनमिन निळ्यामुळे खाप्याच्या खदानीला नवे गिऱ्हाईक मिळणार आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्या रंगाला मँगनीज लागते ते चिमूटभर. पोलादाच्या मानाने ते काहीच नाही. आम्हाला सांगायचे आहे ते वेगळेच. आपल्या पायाखालचा दगड शतकाहून अधिक काळ आपल्याच माणसांनी वर काढला. ट्रकमध्ये भरताना त्याचा भाव टनावर ठरला. त्याच धातूची चिमूट दुसऱ्या दोन धातूंबरोबर भट्टीत घातली आणि तिच्यामागे अभ्यास उभा राहिला, तेव्हा भाव ग्रॅमवर गेला. दगडात फरक नव्हता. फरक होता तो दगडाबद्दल कोणाला किती ठाऊक आहे यात.

दगड उचलण्याचे काम आपल्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आले. दगडाविषयी जाणण्याचे काम मात्र दुसऱ्यांकडे राहिले. आता ते तसेच राहण्याचे कारण नाही. नागपुरात भारतीय खाण ब्यूरोचे मुख्य कार्यालय आहे. पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी ही राष्ट्रीय संस्था आहे, जुनी शासकीय विज्ञान संस्था आहे. खाप्याहून नागपूर काही परदेश नाही. दहावीनंतर मुलगी रसायनशास्त्र घेते म्हणाली, तर त्यात नोकरी कुठे असे म्हणून तिला अडवू नका. खदानीत वडिलांनी जो दगड फोडला, तो आत कसा रचलेला आहे हे सांगणारी ती घरातली पहिली असेल.

पुढल्या चौदा एप्रिलला पताका बांधताना एखादे मूल विचारील, हा निळा येतो कुठून? त्याला गप्प बसवू नका. माहीत असेल तेवढे सांगा, आणि उरलेले शोधायला त्याला शाळेत धाडा.